कॅसल कूम, आई आणि दोन पौंडाचा केक

इचलकरंजीहून आई आलीये म्हणून शनिवारी तिला कॅसल कूमला नेलं. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातलं गाव, साडेतीनशेच्या आसपास वस्ती. गाडी वर डोंगराच्या माथ्यावर लावायची आणि चालत खाली उतरायचं, आईच्या गुडघ्यांचा विचार मी घरून निघताना करायला हवा होता, असो.

खाली उतरलो आणि आई गप्पच झाली. सगळी घरं पिवळसर गुळाच्या रंगाच्या दगडाची, छपरावर कौलांऐवजी दगडाच्याच चपट्या फरश्या, आणि मुख्य रस्त्याचं नाव काय तर 'द स्ट्रीट'!! चर्चमध्ये पंधराव्या शतकातलं म्हणतात असं एक घड्याळ आहे, त्याला तबकडीच नाही, काटे नाहीत, नुसते टोले देतं. आई म्हणाली, "बरंय की, गिरणीच्या भोंग्यावर आपलं नाही का चालायचं."

हे मूळचं विणकरांचं गाव, ओढ्याच्या पाण्यावर लोकरीच्या कापडाचं काम चालायचं. हे सांगितल्यावर आईला एकदम इंटरेस्ट आला, आमच्या घरी बाबांचे चार माग होते ना, तिने एका घराच्या बुटक्या दारापुढे वाकून बघितलं आणि विचारलं, "एवढ्यात माग कुठं मावायचा रे?" पुढे ओढ्याचं पाणी कमी झालं, धंदा गेला, नवीन बांधायला कुणाकडे पैसाच उरला नाही म्हणून गाव आहे तसंच राहिलं. आणि आता त्याच विणकरांच्या खोल्या घ्यायच्या तर माझ्यासारख्याने फक्त फोटो काढावेत! वर बहुतेक घरं लिस्टेड, म्हणजे खिडकी बदलायची तरी परवानगी लागते.

एका घरासमोर टेबलावर लेमन केक ठेवलेला, शेजारी पैशाचा डबा, माणूस कुणी नाही. दोन पौंड. माझ्याकडे फक्त कार्ड. आईने पर्स उपसली तर दहा रुपयाचं नाणं निघालं, दोन पौंडासारखंच दुरंगी, लांबून तर सेमच.

"टाकू का?"
"आई!"
"मस्करी केली रे."

मग सुपरमार्केटच्या ट्रॉलीसाठी गाडीत ठेवलेली चिल्लर आणायला मी तो अख्खा चढ चढलो, धापा टाकत परत आलो तर टेबलावर नुसतं ताट.