किती राहिलं, मेजर?

रोज पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्याला लष्कर भरतीची पोरं पळवतो. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की 60 मार्क, दहा बीम, म्हणजे पुलअप्स, काढले की 40. सध्या त्यांचं जग एवढंच. पण पळून झाल्यावर घाम पुसत बसली की मोबाईल निघतात आणि कमांडोंवरून वाद पेटतो: अमेरिकेचे नेव्ही सील भारी, ब्रिटिशांची एसएएस भारी, का आपल्या लष्कराचे पॅरा एसएफ? परवा मलाच पंच केलं. "मेजर, तुम्हीच सांगा, सगळ्यात अवघड कुठलं?"

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढली. पॅरा एसएफच्या प्रोबेशनला, म्हणजे निवडीच्या कसोटीला, गेलो नाही. माझ्या सेक्शनमधला एक जण गेला आणि अकराव्या दिवशी परत आला. अंगानं माझ्या दुप्पट, तालमीत वाढलेला गडी. बूट काढता काढता एवढंच म्हणाला, "वजनानं न्हाई मारलं रे, झोपेनं मारलं."

सील लोकांच्या ट्रेनिंगमधल्या हेल वीकचंही, म्हणजे नरकाच्या आठवड्याचंही, तेच. रविवारी संध्याकाळी सुरू होतो, शुक्रवारी संपतो आणि त्या सगळ्या दिवसांत झोप मिळते मोजून चारेक तास. अंग सतत समुद्राच्या गार पाण्यात भिजलेलं. सोडायचं असेल तर पितळी घंटा तीनदा वाजवायची आणि हेल्मेट रांगेत ठेवून जायचं. तिथं इन्स्ट्रक्टर कानाशी ओरडत असतात.

एसएएसचं उलटं. वेल्समधले ब्रेकन बीकन्सचे डोंगर, पाठीवर 25 किलो, वर रायफल आणि पाणी. शेवटचा मार्च 64 किलोमीटरच्या आसपास, वीस तासांत. माणूस एकटा, हातात नकाशा. चेकपॉइंटवरचा माणूस शिवी देत नाही आणि शाबासकीही देत नाही. पुढचा पॉइंट सांगतो, बास.

आपल्या पोरांना हेच सगळ्यात अवघड जाईल, असं माझं ठाम मत आहे. गंगावेस तालीम असो नाहीतर मोतीबाग, आपल्याकडं पोरगं वस्तादाच्या आवाजावर वाढतं. खासबाग मैदानात कुस्ती लागली की हजारो माणसं ओरडत असतात. तो आवाज काढून घेतला तर आत काय उरतं?

हे मी पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर बघितलं. जुलैचा पाऊस, सहा पोरं, प्रत्येकाच्या सॅकमध्ये बारा किलो वाळू. ठरवलं होतं, मी दिवसभर बोलायचं नाही. मसाई पठारापर्यंत गाणी चालली होती. पुढं चिखल लागला, धुकं उतरलं. कागलकडचा एक पोरगा, रोज पहिला येणारा, दर दहा मिनिटांनी विचारायला लागला, "किती राहिलं, मेजर?" मी गप्प. सॅकचा पट्टा ओल्या बनियनवरून सरकून खांद्याचं कातडं सोललं होतं, अंगठा खाली घालून तो पट्टा उचलून धरत होता. करपेवाडीच्या अलीकडं दगडावर बसला आणि रडला. पाय शाबूत होते, दमही होता. मी काहीच बोलत नाही, हे त्याला सोसेना.

त्याच्या मागं चालणारा बारका पोरगा, 1600 मीटरला कायम शेवटून दुसरा, त्यानं काही न विचारता मोजा काढला, पिळला, परत घातला आणि चालायला लागला. त्या दिवसापासून मी त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो.

पॅरा एसएफमध्ये तीन महिने असंच बघितलं जातं आणि बघणारे असतात ज्यांच्याबरोबर पुढं लढायचं तेच. काश्मीरमध्ये शहीद झालेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक ज्या 21 पॅरा एसएफचे, ती पलटणही मूळची मराठ्यांचीच. पोरांना हे सांगितलं की एकदम शांत होतात.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 2013 च्या जुलैत त्याच ब्रेकन बीकन्समध्ये निवडीच्या मार्चवर उन्हानं तीन जण गेले. तयारीची, जिद्दीची माणसं होती ती.

येत्या रविवारी परत पन्हाळ्याला चाललोय. कागलचा पोरगाही येतोय, स्वतःहून. यावेळीही बोलणार नाही. पण दर थांब्यावर प्रत्येकाची पाण्याची बाटली मी हातात घेऊन बघणार.