आईच्या व्हायलीतला समुद्र

परळला कॅन्सरच्या औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. इथे गिऱ्हाईक फारसं बोलत नाही. चिठ्ठी पुढे करतं, आकडा ऐकतं, पैसे मोजतं. मालवणहून आलेल्या त्या दादांनी मात्र एरिब्युलिन या कॅन्सरच्या इंजेक्शनाच्या व्हायली, म्हणजे छोट्या बाटल्या, घेण्याआधी खिशातून पांढऱ्या पावडरची पुडी काढली. प्रवाळभस्म. वर लेबल नाही, काही नाही. सोबत मोबाइलवर मेसेज: ‘समुद्रातल्या प्रवाळाने कॅन्सर बरा, शास्त्रज्ञांचा शोध.’ आईचा स्तनाचा कॅन्सर पसरलेला, पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध देऊन झालेलं. आता इंजेक्शनं थांबवून भस्म द्यावं का, असं विचारत होते.

खोटं आहे म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मेसेज साफ खोटा नव्हता, आणि असले अर्धवट खरे मेसेजच जास्त छळतात. ऑस्ट्रेलियाकडच्या एका मऊ प्रवाळात १९९०च्या दशकात इल्युथेरोबिन नावाचं द्रव्य सापडलं. पेशी दुभंगताना तिच्यातल्या सूक्ष्मनलिका जुळाव्या-सुटाव्या लागतात. हे द्रव्य त्या सुटूच देत नाही, पेशी अडकून मरते. पॅक्लिटॅक्सेलचं कामही असंच चालतं. अडलं ते मालापाशी, प्रवाळात ते अगदी नावापुरतं मिळतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की अशा द्रव्यांचा पाया घालणारी जनुकं खुद्द प्रवाळाचीच आहेत, त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची नव्हेत. म्हणजे पुढेमागे प्रयोगशाळेत ते बनवायची वाट दिसली. रुग्णाला टोचायचं औषध त्यातून अजून आलेलं नाही.

भस्माची गोष्टच निराळी. ते करतात दागिन्यातल्या लाल पोवळ्याचं. हे प्रवाळ वेगळ्या जातीचं, आणि ते भट्टीत भाजल्यावर उरतो मुख्यतः चुना. त्या आचेत इल्युथेरोबिनसारखं काही असतं तरी जळून गेलं असतं.

दादांचा चेहरा पडला. म्हटलं, “समुद्रातलंच औषध हवंय ना? मग ह्या व्हायली बघा.”

जपानच्या किनाऱ्यावरच्या स्पंज नावाच्या एका काळ्या समुद्री जीवात हॅलिकॉन्ड्रिन बी हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य सापडलं. १९८६च्या त्या कामात ६०० किलो स्पंजातून जेमतेम साडेबारा मिलिग्रॅम हाती आलं होतं! एवढ्यावर कुठला कारखाना चालणार? मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूचा कामाचा भाग तेवढा ठेवून तो पूर्ण कृत्रिमरीत्या घडवला. तेच एरिब्युलिन, अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. स्पंज म्हणजे प्रवाळ नव्हे, हेही मी सांगितलं. पण दादा तोवर व्हायल उजेडात धरून बघायला लागले होते.

मागे स्टुलावर बसलेल्या मावशी पहिल्यांदाच बोलल्या, “दर्यातला औषद, मगे वास कसो येणा नाय?”

मी हसलो. पुडी डॉक्टरांना दाखवा, न विचारता काही देऊ नका, असं दादांना सांगत होतो, तेवढ्यात मावशींनी हळूच पदर सावरला. दोन दिवस त्या भस्म घेत होत्या. लेकाला पत्ता नाही, आणि इंजेक्शन त्याच दुपारी होतं.

“आई!” दादा ओरडलेच.

“बोंबलतस कित्याक? आदी डॉक्टराक सांग, मगे बिल दी.”

मी व्हायली बाजूला काढून ठेवल्या आणि पुढची चिठ्ठी घेतली.