तुम्ही विचारलंत म्हणून: दात्यांचा पैसा गरजेच्या जागी पोचतो का?

"परदेशातल्या बड्या संस्था आरोग्यासाठी एवढा पैसा देतात, तो आपल्याला लागतो तिथे येतो का?" मुंबईत आरोग्याचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न हटकून विचारला जातो. काही आजारांसाठी येतो, आणि चांगला येतो. बाकीच्यांसाठी जवळजवळ नाहीच.

ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय निधी २००२ साली निघाला तो एचआयव्ही, टीबी आणि मलेरियासाठी. जगातले चारातले तीन मृत्यू मात्र हृदयविकार, कॅन्सर, मधुमेह अशा आजारांनी होतात आणि त्यांच्या वाट्याला आरोग्याच्या मदतीतले शंभरात दोनेक रुपये येतात. लसीचे डोस मोजून अहवालात दाखवता येतात. बीपीची गोळी जन्मभर द्यावी लागते, अनुदान मात्र तीन-पाच वर्षांत संपतं.

पैसा नेमका बसल्याचं उदाहरण मुंबईतच आहे. इथे खोकला लागला की माणूस आधी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो. गेट्स फाउंडेशनच्या पैशातून 'पाथ' संस्थेनं २०१४ च्या सुमारास हे धरूनच काम बांधलं. खासगी डॉक्टरनं व्हाउचर द्यायचं, त्यावर एक्स-रे, सीबीनॅट (बेडक्यातला टीबी यंत्रावर शोधणारी चाचणी) आणि औषधं फुकट, आणि रुग्णाची नोंद टीबी कार्यक्रमात. रुग्णाला त्याचा डॉक्टर सोडायला लावलं नाही, म्हणून ते चाललं.

आता सीबीनॅटचंच घ्या. दात्याला यंत्र द्यायला आवडतं, कारण त्यावर पाटी लावता येते. चार मॉड्यूलचं, म्हणजे चार कप्प्यांचं, यंत्र एका फेरीत बेडक्याचे चार नमुने तपासतं, फेरीला साधारण दोन तास. दिवसाला १२ नमुने आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६०० कार्ट्रिज (नमुना घालायची, एकदाच वापरायची डबी) लागतात. सवलतीच्या दरात यंत्र साधारण १७ हजार डॉलरला मिळायचं. कार्ट्रिजचा सवलतीचा दर २०२३ मध्ये ७.९७ डॉलर झाला. म्हणजे एका वर्षाची कार्ट्रिजच २८ हजार डॉलरच्या वर, यंत्राहून कितीतरी महाग! ती २ ते २८ अंशांत ठेवायची असतात, आणि मुंबईच्या मे महिन्यात एसीशिवाय ते जमत नाही. चाचणी चालू असताना वीज गेली की कार्ट्रिज वाया, म्हणून यूपीएस हवा. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन. एक मॉड्यूल बिघडलं की पाव काम थांबतं, आणि वॉरंटी संपलेली असेल तर दुरुस्तीचा खर्च कुठल्याच बजेटमध्ये नसतो.

म्हणूनच २०१२ चा करार मला यंत्रदानापेक्षा मोठा वाटतो. अमेरिकी सरकार, युनिटएड ही आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशननं पैसे घालून कार्ट्रिजचा दर १६.८६ वरून ९.९८ डॉलरवर आणला. पाटी कुठेच लागली नाही, पण फायदा सवलतीला पात्र असलेल्या प्रत्येक देशाला झाला.

कंपन्यांच्या सीएसआरचंही, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाचंही, हेच. नफ्यातले दोन टक्के खर्च करायचे असतात आणि मार्चअखेर जवळ आली की यंत्रांची खरेदी सुचते. दवाखान्यानं होकार देण्याआधी लेखी विचारावं: दुसऱ्या ते पाचव्या वर्षाची कार्ट्रिज आणि देखभाल करार कोण भरणार, तंत्रज्ञाचा पगार कुठून येणार? औषधं देत असतील तर हातात पडताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. जागतिक आरोग्य संघटनेचा तसा संकेतच आहे. उत्तर मिळालं नाही तर यंत्राऐवजी तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा पगार मागावा, बिनदिक्कत.