तडकलेली टाईल बदलताना

नागपूरच्या घरांत टाईल फुटण्याचा हंगाम बहुधा मार्च-एप्रिल हाच असावा, कारण वर ठेवलेला कूलर खाली येतो तो याच दिवसांत. आमच्याकडेही लोखंडी स्टँडचा पाय आपटून स्वयंपाकघराच्या दाराजवळची सिरॅमिक टाईल तडकली. एका टाईलसाठी मिस्त्री यायला तयार होईना, म्हणून ते काम मीच हाती घेतले. घर बांधताना उरलेल्या टाईल्स जिन्याखाली होत्या, हे नशीब. एरवी तोच नमुना मिळाला तरी दुसऱ्या बॅचची छटा आणि माप किंचित निराळे निघू शकते.

या कामात सर्वाधिक वेळ द्यावा तो सांध्यांना. चारही बाजूंचे ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, पूर्ण खरवडून काढले नाही, तर छन्नीचा प्रत्येक घाव सांध्यातून शेजारच्या टाईलपर्यंत पोहोचतो आणि तिच्या कडेचे ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, उडते. मी हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याला चिंधी गुंडाळून, तळाचे सिमेंट दिसेपर्यंत सांधे मोकळे केले. पुढचा सल्ला ओळखीच्या मिस्त्रीने फोनवरच दिला होता : "भाऊ, कडेले नका जाऊ, मधातूनच फोडा जी." त्याप्रमाणे मध्यभागी खड्डा पाडून, छन्नी तिरपी धरून कडांकडे सरकत गेलो. सिरॅमिकच्या कपच्या काचेसारख्या उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच.

खालचा जुना मसाला तासताना खोली जपावी लागते. नवी टाईल कोरडीच ठेवून पाहिली असता ती शेजारणींपेक्षा तीन-चार मिलिमीटर खाली बसली पाहिजे, कारण तेवढा थर अॅडेसिव्हचा, म्हणजे टाईल चिकटवण्याच्या खास मसाल्याचा, येतो. सिमेंटवर बसवायची टाईल आपल्याकडे बादलीत भिजवतात. अॅडेसिव्हसाठी मात्र ती कोरडी आणि धूळविरहित असावी लागते. आपल्या उन्हाळ्यात अॅडेसिव्हवर पाहता पाहता साय धरते, आणि मग टाईल नीट चिकटत नाही, म्हणून हे काम सकाळीच उरकावे, तळ ओलसर करून घ्यावा आणि अॅडेसिव्ह लागेल तेवढेच कालवावे. रबरी हातोड्याने ठोकताना पोकळ आवाज आला, तर टाईल लगेच उचलून खाली अॅडेसिव्ह पुन्हा भरावे.

ग्राउट दुसऱ्या दिवशी भरले. नवी रेघ जुन्यांपेक्षा उजळ दिसते, त्यामुळे बाकीचे सांधेही खरवडून भरावेत असा घरचा आग्रह आहे. तो मी तूर्त दिवाळीवर ढकलला आहे.