हजेरीच्या सॉफ्टवेअरपासून काउन्सेलिंगपर्यंत : आमची वाटचाल

आमची पुण्यातली छोटी कंपनी, सुरुवातीला कॉलेजांना हजेरी आणि फीचं सॉफ्टवेअर द्यायचो, 75 टक्के हजेरीच्या नियमामुळे मागणीही होती. कोरोनानंतर एका कॉलेजच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "पोरं माझ्याकडे येतात ती पार खचल्यावर, तुमच्याकडे रोजची हजेरी असते, त्यात आधी काही दिसतं का बघा ना." तिथून आमचं कामच बदललं.

दिसतं हो! एखाददुसरी दांडी कोणीही मारतो, पण नेमाने प्रॅक्टिकलला येणारा पोरगा यायचा थांबला, मेसची कुपनं तशीच पडून, लायब्ररीत फिरकला नाही, एटीकेटीच्या फॉर्मची तारीखही गेली, हे सगळं एकाच पंधरवड्यात झालं की समजायचं काहीतरी बिनसलंय. आमची सिस्टिम त्याला दुसऱ्यांशी नाही, त्याच्याच मागच्या महिन्यांशी ताडून बघते, कारण मुळात अबोल असणं हा काही आजार नाही.

निदान मात्र सिस्टिम करत नाही. ज्यांनी संमती दिलीय त्यांचंच नाव, तेही फक्त काउन्सेलरच्या स्क्रीनवर, मग मॅडम फोन करतात, "काय रे, जेवतोयस ना नीट?" गरज वाटली तर पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, भरून घेतात, त्यात 27 पैकी 10 किंवा जास्त आले तर पुढची तपासणी, आणि नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. रात्रीबेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मुलांच्या ॲपवर कायम दिसतो.

एका संस्थेने आमच्याकडे अशा मुलांची यादीच मागितली, पालकांना कळवू म्हणाले. आम्ही नाही म्हटलं, कॉन्ट्रॅक्ट गेलं, पगाराची ओढाताण झाली, पण पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणू. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहेच, आणि कायदा सोडा, आपलं नाव फिरतंय हे एकदा कळलं की कुठलं पोरगं मन मोकळं करणार?

जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना काउन्सेलर नेमायला सांगितलं, तेव्हापासून चौकशीचे फोन वाढलेत, पण बऱ्याच जणांना आधी सॉफ्टवेअर हवं असतं. आम्ही स्पष्ट सांगतो, आधी माणूस नेमा, काउन्सेलर नसेल तिथे आम्ही हे मॉड्यूल चालूच करत नाही.