अडीच मिनिटं
आज लेकीच्या टीमची फर्स्ट लेगो लीगची, म्हणजे मुलांनी बनवलेल्या लेगो रोबोंच्या स्पर्धेची, फेरी होती. आठ बाय चार फुटांचं टेबल, अडीच मिनिटं आणि रिमोट नाही. रोबोने आपलं आपण चालायचं. घरी शंभरदा नीट वळलेलं ते ध्यान तिथे थेट भिंतीवर जाऊन आपटलं! मध्येच हाताने उचलून आणलं की एक टोकन जातं (शेवटी उरलेल्या टोकनांचे गुण मिळतात). सहातली चार गेली. इकडे मी घामाघूम.

पोरं मात्र कोपऱ्यात मांडी घालून चाकाच्या आसाला गुंडाळलेला केस काढत बसली. लांबलचक केस! (माझाच असणार.) आणि आठवडाभर भांडत होती कोडिंगवरून. दुसऱ्या फेरीत वळला एकदाचा. शेजारच्या टीमची केबल गेली, तर यांनी आपली जादाची देऊनही टाकली.

परतताना गाडीत विषय एकच, वडापाव कुठे खायचा.