चार आण्यांचं पाणी

आमच्या मळ्यातल्या विहिरीत आमचा हिस्सा चार आणे. काकांचे चार, चुलत दादाच्या घराचे आठ. सातबाऱ्यावर इतर हक्कात तशी नोंद आहे. चार दिवसांची पाळी: एक दिवस आमचा, एक काकांचा, दोन दादाच्या घराचे.

आजोबांच्या वेळच्या वाटणीपत्रात लिहिलंय, पाळीच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मोट चालवावी. मोटेचे बैल रात्री कोण जुंपणार? म्हणून रात्रीचं कुणी लिहिलंच नाही. आता मोट नाही, साडेसात एचपीची मोटर आहे, आणि आमच्या फिडरला एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात आमच्या पाळीला दादा स्टार्टर दाबतो.

"आरं, दस्तात दिवस लिहिलाय. रात्र कुठं हाय?"

दादा वयानं मोठा, लहानपणी त्यानंच मला पोहायला शिकवलं, ह्याच विहिरीत. पण द्राक्षाची एप्रिल छाटणी होऊन काडीला फूट निघालेली आणि ड्रिपला पाणी नाही म्हटल्यावर माणूस नातं किती बघणार? मी तहसीलला गेलो. मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा, विहिरीचं पाणी अडवलं तर त्याखाली दाद मागता येते, फक्त सहा महिन्यांच्या आत गेलं पाहिजे. आत गेलो. तारखा मात्र सहा महिन्यांच्या बाहेर चालल्यात.

तारखेला वकिलांच्या खुर्चीत बसून बसून मी कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या लवादाचं वाचत गेलो. आपलं भांडण मोठ्या माणसांनी कसं केलं, ते बघायची हौस. पहिल्या, बच्छावत लवादाने 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं: महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. हे पाणी चार वर्षांतल्या तीन वर्षी तरी नदीत असेल, असा हिशेब. चौथ्या वर्षी काय, ह्याचाही विचार त्यांनी केला होता. 'ब' योजना म्हणून होती, जास्तीचं पाणी आणि तूट दोन्ही वाटून घ्यायची. पण त्यासाठी कृष्णा खोऱ्याचं प्राधिकरण हवं होतं, राज्यांचं जुळलं नाही, ती बाजूला पडली. 1976 ला राजपत्रात आली ती 'अ' योजना. आकडे पक्के, तुटीचं वाटप नाही. मग कमी पावसाच्या वर्षी आधी वरच्यांची धरणं भरतात.

दुसऱ्या लवादाने 2010 मध्ये पाण्याच्या खात्रीचं प्रमाण 75 टक्क्यांवरून 65 टक्क्यांवर आणून जास्त पाणी वाटायला काढलं. म्हणजे शंभरातल्या पस्तीस वर्षी ते पाणी नदीत नसणार, हे धरूनच. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल राजपत्रात छापायला मनाई केली.

हे वाचताना मला आमच्या आजोबांचं वाटणीपत्र फार शहाणं वाटलं. त्यात लिटर नाहीत, फूट नाहीत. आणे आहेत. पाणी वीस फूट असो की चार फूट, चार आणे म्हणजे चार आणेच. विहीर आटली तर सगळ्यांचीच आटते, कुणी कुणाला आकडा दाखवत नाही. एक रात्र तेवढी राहिली लिहायची. (कृष्णेच्या वाटणीत मात्र आपण वरचे. तिथं दादाच्या जागी आपणच आहोत, हे मी वकिलांजवळ बोललो नाही.)

मार्चमध्ये म्हैसाळ उपसा योजनेचं कृष्णेचं पाणी तलावात सोडलं, तशी विहीर दोन फूट चढली. म्हणजे त्या 560 मधलंच थोडं झिरपून आमच्याकडं आलं. त्या दोन फुटांची पाळी कशी लावायची, ह्यावरून काका आणि दादा बांधावर अर्धा तास बोलत होते. काका म्हणाले आण्यानं. दादा म्हणाला, पाणीपट्टी मी भरलीय.

पुढची तारीख 12 ला आहे. त्या आठवड्यात लाईट रात्रीची.